डॅशबोर्डवरचं तबक

‘वाळिंबे, तुमचा देव पडला बघा माझ्या गुडघ्यावर.’

घोरपडे सुभेदारांनी एका हाताने पितळेचं तबक सावरलं होतं आणि दुसऱ्या हातात बोटभर उंचीचा बाळकृष्ण धरला होता. तबकातल्या नोटा आणि चिल्लर त्यांच्या बुटांपाशी सांडली होती. रस्त्यावरचा गतिरोधक मला दिसला नव्हता, कारण गाडीतल्या स्पीकरवर भार्गवबुवांनी नुकतीच एक तान घेतली होती आणि चांगली तान आली की माझे डोळे आपोआप मिटतात. हा दोष मला लहानपणापासून आहे. तेव्हा मी गाडी चालवत नसे, त्यामुळे कोणाच्या लक्षात आला नाही.

‘भाऊ,’ मागून नेरकर म्हणाले, ‘तानेकडे आम्ही बघतो. तुम्ही रस्त्याकडे बघा.’

त्यांच्या शेजारी बसलेल्या तृप्ती साळवीने कानातलं एक बोंडूक काढलं. ‘काय झालं काका?’

‘काही नाही. देव पडला.’

‘ओके,’ म्हणून तिने बोंडूक परत कानात घातलं.

मी गाडी कडेला घेतली. सुभेदारांनी पैसे वेचले, बाळकृष्णाला रुमालाने पुसलं आणि बराकीत सामान लावावं तशा शिस्तीने तबक पुन्हा डॅशबोर्डवर दाबून बसवलं. ‘हं, चला. आरती राहिलीय अजून,’ ते म्हणाले. केवढी ही श्रद्धा, असं वाटून मला भरून आलं. त्या महिन्यात मला असं वारंवार भरून येत होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तबक गाडीत कसं आलं ते आधी सांगतो.

आमची वसाहत पुण्याच्या पश्चिमेला मुळशी रस्त्याच्या आत एका टेकडीवर आहे. घर घेतलं तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, ‘शहरापासून फक्त वीस मिनिटांवर’. ती वीस मिनिटं कोणाला विचारून छापली कोण जाणे. बहुधा एखाद्या घारीला विचारलं असावं. खाली फाट्यावर बस येते असं आम्ही ऐकून होतो, पण आलेली बस पाहिलेला माणूस मला भेटला नाही. कोथिंबीर विसरली तर गाडी काढायची, दाढीचं ब्लेड संपलं तरी गाडी काढायची. सकाळी तब्येतीसाठी पायी फिरणारे लोकसुद्धा आधी गाडीने खालच्या सपाट रस्त्यावर जात आणि मग तिथे चालत.

मी नोकरीला होतो तो कारखाना चाकणला. म्हणजे रोज अर्धा जिल्हा ओलांडायचा आणि संध्याकाळी तोच परत ओलांडायचा. त्यात गुरुवारी मी घरी न येता परस्पर पेठेत जायचो. तिथल्या एका छोट्या मठात दर गुरुवारी संध्याकाळी भार्गवबुवांचं कीर्तन असे. बुवांचं कीर्तन मी वडिलांच्या मांडीला मांडी लावून ऐकत आलो. बुवांचे केस तेव्हा काळे होते आणि मला केस होते. आठवडाभर स्टोअर्समध्ये नट-बोल्ट मोजल्यावर गुरुवारी त्या सतरंजीवर बसलं, झांजेचा पहिला ठोका पडला की मला वाटायचं, हं, आता आपण घरी आलो.

पेट्रोल मात्र वाढत होतं. सकाळी चहाबरोबर बातमी यायची आणि वृंदा, माझी बायको, ती मोठ्याने वाचायची. एक दिवस तिने वाचली नाही. पेपरची घडी करून माझ्यासमोर ठेवली.

‘किराणा कमी केला, केबल बंद केली. आता मी भात शिजवायचा सोडला तरी तुमची टाकी भरणार नाही. गुरुवार बंद करा.’

‘अगं, कीर्तन फुकट असतं.’

‘कीर्तन फुकट असतं. कीर्तनाला पोचणं फुकट नसतं.’

ही बाई कधी कीर्तनाला आली नाही, पण बोलते अशी की टाळी वाजवावी.

‘मी गुरुवारऐवजी शनिवार बंद करतो,’ मी म्हणालो.

‘शनिवारी तुम्ही कुठे जाता?’

‘कुठेच नाही.’

‘मग?’

‘मग तो बंद करायला सोपा ना.’

तिने कपाळावर हात मारला. ‘हे बघा, रोज तीन जागा रिकाम्या घेऊन जाता. वसाहतीतली माणसं घ्या गाडीत आणि खर्च वाटून घ्या. महिनाअखेर जमलं, तर गुरुवार तुमचा. नाही जमलं, तर गुरुवारी बाकीच्या दिवसांसारखं सरळ घरी यायचं. कबूल?’

‘कबूल,’ मी म्हणालो. तीन माणसं तर मी संध्याकाळपर्यंत जमवली.

सुभेदार घोरपडे मूळचे कोल्हापूरकडचे. फौजेतून निवृत्त होऊन भोसरीच्या एका गोदामाच्या सुरक्षेवर होते. तृप्ती साळवी हिंजवडीत कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या चुका शोधायची आणि त्याचा पगार घ्यायची. नेरकर जळगावचे, चाकणला माझ्याच रस्त्यावरच्या कारखान्यात. देव मानत नसत, पण गूळ-शेंगदाणे वाटून खात, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. गुरुवारी संध्याकाळी तिघांनी आपापली सोय बघायची, एवढी एकच अट मी घातली.

मठात फोनवर टेप केलेलं बुवांचं कीर्तन गाडीत लागणार, हे मी अटीत धरलं नव्हतं. ते मला हवापाण्याइतकं साहजिक वाटत होतं. शिवाय आमच्या रस्त्याची आणि कीर्तनाची लांबी देवानेच जुळवून दिली होती. कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, म्हणजे एखाद्या अभंगाचा अर्थ उलगडायचा. मग उत्तररंग, म्हणजे त्या अर्थाला साजेशी गोष्ट, आणि शेवटी आरती. सकाळी जाताना पूर्वरंग पुरायचा, संध्याकाळी येताना उत्तररंग. आरती लागायची ती बरोबर टेकडीच्या चढावर.

आठवडा झाला तरी पैशांचं माझ्या तोंडून निघालं नाही.

‘विचारलंत?’ वृंदाने विचारलं.

‘विषय काढला होता.’

‘काय म्हणालात?’

‘म्हटलं, पेट्रोल फार वाढलं हो.’

‘मग ते काय म्हणाले?’

‘म्हणाले, हो ना, फारच वाढलं.’

‘आणि?’

‘आणि मग भोसरी आली.’

आता शेजाऱ्याच्या तोंडावर ‘तुमचे इतके झाले’ असं म्हणायचं कसं? आमच्या घरात पाहुण्याने निघताना पोराच्या हातात नोट ठेवली तरी आई दारापर्यंत ‘अहो, छे छे’ करत जायची. मी त्या ‘छे छे’वर वाढलो आहे.

उपाय सुचला तो मठातच. कीर्तन संपलं, आरती सुरू झाली आणि तबक फिरू लागलं. मी पाहिलं, कोणी मागत नव्हतं, कोणी आकडा सांगत नव्हतं, आणि तरी जो तो खिशात हात घालत होता. वाहवा! घरी येताना मी इतका खूश होतो की चांदणी चौकातल्या खोळंब्यातही कोणावर हॉर्न वाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी देवघरातलं जास्तीचं तबक डॅशबोर्डवर चिकटपट्टीने बसवलं आणि त्यात बाळकृष्ण ठेवला. संध्याकाळी चढावर आरती लागली. मी काही बोललो नाही. फक्त आपला एक रुपया तबकात टाकला आणि आरशातून पाहत राहिलो.

सुभेदारांनी तबकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खिसा चाचपला आणि नोट टाकली. तृप्तीने मागून हात लांब करून नोट टाकली.

नेरकरांनी हात मांडीवर ठेवले. ‘मी आरतीत पैसे टाकत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. पेट्रोलचे मागा, आत्ता देतो.’

‘छे छे!’ मी म्हणालो. ‘पेट्रोलचे कसले, नेरकर!’

तोंडातून निघून गेलं. त्यांनी पाकीट परत ठेवलं.

पुढे रोज आरतीला तबकात भर पडू लागली. आणि काय भर! मठात माणसं सुटे पैसे शोधतात. इथे सुभेदार कोरी नोट घडी करून देवाच्या पायाशी ठेवत. तृप्ती सोमवारी अख्ख्या आठवड्याचं एकदम टाकायची. इतकी तरुण मुलगी, कानात दिवसभर काय काय वाजत असतं, पण आरती लागली की हात बरोबर पर्सकडे. मी मठात चार लोकांना सांगितलं, ‘काही नाही हो, श्रवणाचा महिमा. नुसतं कानावर पडलं तरी बीज रुजतं.’ एक गृहस्थ म्हणाले, ‘वाळिंबे, तुम्ही तर चालतं-फिरतं देऊळ उघडलंत.’ मी नम्रपणे मान खाली घातली. अशी मान खाली घालायला फार आवडतं मला.

आठवडाअखेरीस पंपावर गेलो. टाकी भरून घेतली, तबकातल्या नोटा उचलल्या आणि पंपावरच्या माणसापुढे हात केला. तो हात तिथेच थांबला.

हे आरतीचं होतं. देवापुढे पडलेलं होतं. ते मी इंजिनात जाळायला निघालो होतो!

‘साहेब, मागे लाइन लागलीय,’ तो म्हणाला. मी माझ्या पाकिटातून पैसे दिले.

मला आशा होती की वृंदा तरी व्यवहाराने विचार करेल. पण कीर्तनाला न जाणारी माझी बायको याबाबतीत माझ्याहून कर्मठ निघाली. ‘आरतीतले पैसे टाकीत ओतणार? काही वाटतं का? द्या इकडे.’ तिने ते बिस्किटांच्या डब्यात घातले आणि डबा देवघरात ठेवला. दर शुक्रवारी मी तबक आणून रिकामं करायचो. डबा भरत चालला, टाकी रिकामी होत चालली. आमच्या घरात देवाची परिस्थिती सुधारली आणि माझी बिघडली.

नेरकर मात्र एक पैसा टाकत नव्हते आणि वर गोष्टीत खोड काढत होते. बुवांनी स्वतः रचलेलं नावाड्याचं एक आख्यान होतं. एक नावाडी असतो. माणसांना पैलतीरी पोचवतो, पण कोणाकडून भाडं म्हणून घेत नाही.

‘कोणाकडूनच नाही?’ नेरकरांनी विचारलं.

‘सेवा म्हणून नाव चालवतो तो.’

‘आणि नाव गळायला लागली की? फळ्या लागतात, डांबर लागतं. ते कोण देतं?’

‘नेरकर, हे भक्तीचं आख्यान आहे.’

‘असेल ना भाऊ. पण त्याची बायको काय म्हणते? बुवांनी बायको आणलीच नाही गोष्टीत.’

मी आवाज वाढवला. बुवांचा.

पुढे देव म्हाताऱ्याच्या रूपात नावेत बसतो. नाव पैलतीराला लागते. म्हातारा भाडं पुढे करतो, नावाडी नको म्हणतो, आणि म्हातारा म्हणतो, ‘मग मी उतरत नाही.’ इथे स्पीकरमधून खरखर आली आणि एकदम आरतीच सुरू झाली.

‘हे काय?’ नेरकर पुढे सरसावले. ‘उतरला की नाही?’

‘माझ्या फोनमधली जागा संपली होती हो.’

‘पण तुम्ही तिथे होतात ना?’

‘होतो. त्या वेळी मी भाचीच्या लग्नाचे फोटो पुसत होतो. जागा होईपर्यंत बुवांचं आख्यान संपलं.’

सुभेदार इतके हसले की पुन्हा तबक हललं. नेरकर हसले नाहीत. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी ते म्हणत, ‘भाऊ, तो नावाडी लावा.’ जणू या वेळी टेप पुढे जाईल. मला त्यांची कीव यायची. बिचाऱ्यांना गोष्टच दिसते, देव दिसत नाही. त्यांना सुबुद्धी मिळावी म्हणून मी रोज बाळकृष्णाला सांगत असे.

महिना संपला. वृंदाने काही विचारलं नाही, फक्त माझं पाकीट उघडून माझ्यासमोर ठेवलं. शब्द दिला होता.

आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, माझ्या हक्काच्या शेवटच्या गुरुवारी, बुवांनी आरतीनंतर हात जोडले. ‘मंडळी, पुढच्या गुरुवारी इथलं माझं अखेरचं कीर्तन. देहाची सेवा इथवरच लिहिली होती.’ दुसरं काही न बोलता ते आत गेले.

ही गोष्ट मी वृंदाला सांगितली नाही. सांगितली असती, तर तिने स्वतःहून जा म्हटलं असतं. मग माझ्या त्यागाचं काय? मी आठवडाभर तोंड लांब करून हिंडलो. ती दोनदा म्हणाली, ‘पोट साफ नाही का?’

तो गुरुवार आला. पगाराला अवकाश होता. टाकीचा काटा इतका खाली होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. दुपारी मी तिघांना फोन करून सांगितलं, ‘आज मी सरळ घरी चाललो आहे, तुम्हालाही घेतो.’ भोसरीला सुभेदार चढले, हिंजवडीला तृप्ती. मी काहीच लावलं नव्हतं. गाडीत इतकी शांतता प्रथमच होती. चांदणी चौक जवळ आला. तिथे उजवीकडे आमची टेकडी, डावीकडे शहर. मी उजवीकडचा दिवा लावला.

‘भाऊ,’ नेरकर म्हणाले, ‘आज गुरुवार. तुमचे बुवा?’

‘नाही जायचं.’

‘का? आजारी आहेत?’

‘नाही. आज त्यांचं शेवटचं कीर्तन आहे.’ माझा आवाज थोडा हलला, मी मुद्दाम थोडा जास्त हलवला.

‘आणि तुम्ही जात नाही?’ सुभेदार माझ्याकडे वळून बसले. ‘काय भांडण झालंय मठात?’

‘पेट्रोल परवडत नाही हो.’

सुभेदारांचा आवाज फुटला. ‘पेट्रोल? अहो, मग आम्ही रोज ताटात टाकतोय ते काय?’

‘ती आरती ना.’

‘आरती? अहो वाळिंबे, हयातभरात आरतीत सव्वा रुपयाच्या वर टाकलेलं नाही मी! गावच्या खंडोबालासुद्धा नाही! या नोटा काय मी देवाला टाकतोय व्हय?’

‘म्हणजे?’

तृप्तीने दोन्ही कानांतली बोंडकं काढली. असं ती क्वचितच करायची. ‘काका, तुम्हाला मागायला लाज वाटते म्हणून तुम्ही ते ताट ठेवलंत ना? सुभेदारकाका मला पहिल्याच दिवशी म्हणाले, माणूस भिडस्त आहे, आपण गुपचूप टाकत जाऊ. मी तर ऑफिसात प्रवासखर्च म्हणून दाखवते ते.’

‘पण तू आरतीला बरोबर पर्स काढायचीस!’

‘तुम्ही आरशातून बघायचात तेव्हा काढायचे.’

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. माझं चालतं-फिरतं देऊळ चौकात अडकलं होतं आणि त्यातल्या दोन्ही भक्तांनी एका दमात राजीनामा दिला होता. मठात ज्या चार लोकांना मी श्रवणाचा महिमा सांगितला होता, ते एकेक करून डोळ्यांपुढून गेले.

‘आणि ते पैसे कुठायत?’ सुभेदारांनी विचारलं.

‘देवघरात. बिस्किटांच्या डब्यात.’

‘अन् गाडी कशावर चालवलीत?’

‘माझ्या पाकिटावर.’

‘अरे, काय माणूस आहे हा!’

‘मी सांगितलं होतं,’ नेरकर शांतपणे म्हणाले. ‘पेट्रोलचे मागा म्हणून. डावीकडे घ्या, भाऊ. कोपऱ्यावर पंप आहे.’

‘अहो पण, वृंदाला शब्द...’

‘डावीकडे घ्या. मला त्या नावाड्याचं काय झालं ते विचारायचंय तुमच्या बुवांना. आज नाही विचारलं, तर जन्मभर डोक्यात राहील माझ्या.’

मी डावीकडे घेतली. पंपावर नेरकर स्वतः उतरले, खिडकीपाशी उभे राहिले, आणि पैसे देताना पंपावरच्या माणसालाच बजावलं, ‘हे पेट्रोलचे आहेत. लक्षात ठेव.’ तो बिचारा हो म्हणाला. त्याच्या आयुष्यात आजवर दुसऱ्या कशाचे कोणी दिले नसतील.

मठात पोचलो तेव्हा पूर्वरंग होऊन गेला होता. सतरंजी अर्धीअधिक रिकामी होती. माझ्या लहानपणी तिथे पाय ठेवायला जागा नसे. ती सगळी माणसं आता आमच्यासारख्याच कुठल्या कुठल्या टेकड्यांवर राहायला गेली होती. आम्ही चौघे मागे टेकलो. बुवा उभे राहून गात होते, उपरणं घामाने भिजलेलं, आणि आवाज तोच, वडिलांच्या मांडीपाशी ऐकलेला. माझे डोळे मिटले. मध्येच उघडून पाहिलं, तर सुभेदार मोबाइलवर काही बघत होते, तृप्ती भिंतीला टेकून झोपली होती आणि नेरकर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान पुढे काढून, एकटक ऐकत होते.

आरती झाली. तबक आलं. सुभेदारांनी खिशातून एक नाणं काढलं, मला दिसेल असं उंच धरलं आणि टाकलं. ‘हे बघा,’ ते कानाशी म्हणाले, ‘याला आरती म्हणतात.’ नेरकरांनी काही न टाकता तबक दोन्ही हातांनी, जपून, पुढे दिलं.

बाहेर आलो तेव्हा बुवा पायरीवर पिशवी घेऊन उभे होते आणि एका रिक्षावाल्याशी बोलत होते. रिक्षावाला मान हलवून निघून गेला. मी पाया पडलो.

‘बुवा, अखेरचं म्हणालात. तब्येत?’

‘तब्येतीला काय धाड भरलीय? अजून तासभर नाचतो की.’ त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ‘मुलाने तिकडे मुळशी रस्त्याला घर घेतलं. शहरापासून फक्त पंधरा मिनिटांवर म्हणे. यायचं-जायचं कसं? तबकात पडतं त्यात एका बाजूची रिक्षाही होत नाही. मुलगा म्हणाला, बाबा, पुरे आता. त्याचं तरी काय चुकलं? तोही रोज त्याच रस्त्याने पिचतो.’

‘मग तुम्ही देह वगैरे म्हणालात ते?’

‘व्यासपीठावरून पेट्रोल कसं म्हणायचं, वाळिंबे?’

ते राहायचे ती वसाहत आमच्या टेकडीच्या अलीकडेच होती. इतके दिवस मी कीर्तनाला शहरात यायचो, आणि कीर्तन माझ्या मागून रिक्षाने यायचं.

बुवांना पुढे बसवलं. सुभेदार मागे गेले. मी किल्ली फिरवली आणि रोजच्याप्रमाणे टेप लावली.

‘हे कोण कण्हतंय?’ बुवांनी विचारलं.

‘तुम्हीच आहात, बुवा.’

‘अरे देवा. बंद करा हो ते.’

मी बंद केलं. वाटेत सुभेदारांनी सगळी हकिकत फौजी रिपोर्टसारखी बुवांपुढे मांडली: तबक, डबा आणि चौकातला प्रसंग. बुवा खिडकीवर हात आपटून हसले. ‘आता निवाडा करा,’ सुभेदार म्हणाले. ‘तो डबा कोणाचा?’

‘तुम्ही देवासाठी टाकलं नाहीत, पण पडलं देवापुढे,’ बुवा डोळे पुसत म्हणाले. ‘आता ते घरात ठेवूही नका आणि वाटूनही घेऊ नका. दर गुरुवारी मला आणा आणि पोचवा, त्यात घाला. देवालाही चालेल आणि टाकीलाही.’

‘म्हणजे अखेरचं नाही?’ माझा आवाज पुन्हा हलला. या वेळी आपोआप.

‘तुम्ही आणलंत तर नाही.’

‘बुवा,’ नेरकर कधीपासून थांबले होते. ‘तो म्हातारा नावेतून उतरला की नाही?’

बुवांनी मागे वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं. ‘तुम्ही ऐकलंत ते?’

‘पाठ झालंय. फक्त शेवट नाही. यांचे फोटो भरले होते.’

‘सांगतो. घर येऊ द्या.’

घर आलं. फाटकापाशी मी गाडी उभी केली. बुवांनी उपरण्याच्या टोकाची गाठ सोडली, त्यातली नोट काढली आणि माझ्यापुढे धरली.

‘आजच्या पेट्रोलचे. डब्याचं पुढच्या गुरुवारपासून.’

‘छे छे, बुवा! पेट्रोलचे कसले!’

बुवांनी पिशवी मांडीवर घेतली, मागे टेकले आणि डोळे मिटले.

‘मग मी उतरत नाही.’

मी हसलो. ते हसले नाहीत. वॉचमन फाटक उघडून उभा राहिला, आमच्याकडे पाहून त्याने ते पुन्हा लावून घेतलं.

‘बुवा, घर आलं.’

‘दिसतंय.’

‘मुलगा वाट बघत असेल.’

‘बघू दे. वाळिंबे, मठात माझ्यापुढे तबक येतं तेव्हा मी कधी छे छे म्हटलंय? देणाऱ्याला मोकळं होऊन उतरायचं असतं. तुम्ही एकटेच पुण्य घेता आणि बाकीच्यांना नावेत बसवून ठेवता.’

‘भाऊ,’ नेरकर मागून हळूच म्हणाले, ‘इंजिन चालू आहे. पेट्रोल जळतंय.’

मी हात पुढे केला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच. बुवांनी नोट तळहातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटली.

‘हा शेवट,’ ते नेरकरांना म्हणाले आणि उतरून गेले.

मी आरशात पाहिलं. मागून तीन हात पुढे आले होते आणि तिन्ही हातांत नोटा होत्या. सवयीने मी तबकाकडे बोट करणार होतो.

‘तिथे नाही, काका,’ तृप्ती म्हणाली. ‘हातात घ्या.’

मी घेतल्या. माझे डोळे आपोआप मिटले. सुदैवाने गाडी उभी होती.